बसायला जाणारी बाई

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोवाला ठरल्या वेळेच्या आधीच आला आणि रस्त्यावर उभा राहून हॉर्न वाजवत बसला. सामान थोडंच होतं. एक लोखंडी पेटी, दोन गाठोडी, गॅसची शेगडी आणि पिठाचा डबा. धाकटी पोर माझ्या कडेवर होती आणि थोरली आधीच पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती. तिला वाटलं, आपण जत्रेला निघालोय. माझी सासू, जिला आम्ही सुना आत्या म्हणतो, ओसरीवरून उठलीच नाही. टेम्पो वळायला लागला तेव्हा मात्र तिनं मागून हाक मारली, जवळ आली आणि मला म्हणाली, "मंगल, तिथं उठसूट कुणाच्या दारात जाऊन बसू नको. शहरातल्या लोकांना आवडत नाय ते."

एवढंच बोलली आणि घरात गेली.

तसं आमच्या लोकांना घराबाहेर पडणं नवं नव्हतं. दौलताबादच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मी माणसं मेंढरं घेऊन निघायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत यायची. पोरं वाटेवर जन्मायची, वाटेवरच चालायला शिकायची. पण त्या जाण्याला परत यायचा महिना ठरलेला असायचा. आमच्या ह्या जाण्याला तसा महिना नव्हता. नवऱ्याला चितेगावच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. मेंढरं दिरांनी ठेवून घेतली.

शहरातल्या मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत आम्हाला खोली मिळाली. पुढं काही वर्षांनी त्याच भागात गुंठेवारीतल्या एका तुकड्यावर आम्ही स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या. तुम्ही जे गावी राहिलात, त्यांना ही गल्ली कशी सांगावी ते मला अजून नीट कळत नाही. गावात एका आळीत सगळे आपल्यातलेच. इथं समोरच्या घरात रशीदा आपा, त्या घरीच शिवणकाम करतात. कोपऱ्यावर साळवे सर, ते शाळेतून रिटायर झालेले, बौद्ध. माडीवरच्या खोल्यांमधून बिहारची माणसं, कारखान्यात कामाला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं की हे सगळे एकाच वेळी रस्त्यावर, आणि सगळ्यांची बोली वेगळी. मी पहिल्या वर्षातच 'नक्को' आणि 'कायकू' म्हणायला लागले. भाऊबीजेला माहेरी गेले तर भाऊ म्हणाला, "अगं, हौ काय म्हणतीस? व्हय म्हण ना."

पोरी शाळेत जायला लागल्यावर मी एका दवाखान्यात आया म्हणून लागले. चादरी बदलायच्या, पेशंटला कुशीवर वळवायचं, भरवायचं. तिथं माझ्या एक लक्षात आलं. ज्या पेशंटच्या बाबतीत करण्यासारखं काही उरलेलं नसायचं, त्याच्या खोलीत नातेवाईक सुद्धा फार वेळ थांबायचे नाहीत. दाराशी उभे राहायचे, मोबाइल बघायचे, खाली चहाला जायचे. माया नव्हती असं नाही. काय करायचं तेच त्यांना कळत नव्हतं. मी बसायचे. पाय दाबायचे, ओठांवरून ओला कापूस फिरवायचे, पेशंट बोलला तर ऐकायचे. कोकरू जगणार नाही असं दिसलं तरी आमच्याकडं त्याला एकटं सोडत नाहीत. मला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

माझं हे बसणं दवाखान्यातल्या एका सिस्टरांनी पाहिलं आणि त्या मला एका प्रशिक्षणाला घेऊन गेल्या. तिथं पुण्याहून आलेल्या मॅडमनी सांगितलं की ह्या कामाला आता एक नाव आहे, 'डेथ डूला'. मरणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना शेवटपर्यंत सोबत करणारी बाई. बहिणीला मी फोनवर हे नाव सांगितलं तर ती हसायला लागली. "डुलायचं काम करतीस व्हय?" गल्लीतल्या लोकांनी ते नाव कधी घेतलंच नाही. ते मला 'बसायला जाणारी मावशी' म्हणतात. दवाखाना सोडून मी घरोघरी जायला लागले तेव्हा आत्याचं ते बोलणं आठवून मला हसू यायचं.

पण माझी सुरुवात चांगली झाली नाही. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

साळवे सरांचं शेवटचं दुखणं महिनाभर चाललं. त्यांची मुलगी प्रज्ञा कॉलेजात शिकवते. ती दिवसा कामावर जायची तेव्हा मी सरांजवळ असायचे. सर मला पेपर वाचून दाखवायला लावायचे आणि माझे उच्चार सुधारायचे. "मंगलबाई, श आणि ष मध्ये फरक आहे," असं म्हणायचे. एका दुपारी त्यांचा श्वास बदलला. बोलणं तर दोन दिवस आधीच थांबलं होतं. मी प्रज्ञाला फोन केला आणि ती येईपर्यंत जे मला ठाऊक होतं ते करायला लागले. घरी पळत जाऊन देवापुढचं गंगाजल आणि तुळशीचं पान घेऊन आले. चमचा त्यांच्या ओठांना लावला.

सरांनी तोंड फिरवलं.

मला वाटलं, त्यांना गिळता येत नसेल. मी पुन्हा चमचा पुढं केला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढ्यात प्रज्ञा दारात आली. तिनं माझ्या हातातली वाटी पाहिली आणि जागीच थांबली.

"काकू, हे काय करताय? बाबांनी आयुष्यभर हे नाकारलं. आता त्यांना बोलता येत नाही म्हणून तुम्ही त्यांच्या तोंडात घालणार का?"

मी वाटी खाली ठेवली. प्रज्ञा सरांच्या उशाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणायला लागली. मी पायाशी उभी राहिले. तिथून जावं की थांबावं तेही कळेना. अर्ध्या तासात सर गेले. ज्या माणसाच्या मी महिनाभर इतक्या जवळ होते, त्यानं शेवटच्या घटकेला माझ्यापासून तोंड फिरवलं. आठ दिवसांनी मी प्रज्ञाकडं माफी मागायला गेले. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "काकू, विचारायचं होतं. ते बोलत होते तेव्हा विचारायचं होतं."

त्यानंतर मी विचारायला लागले. माणूस बोलू शकतो तोवर. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडं मरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. घरचे म्हणतात, अभद्र बोलू नका. पेशंटला मात्र बहुतेक वेळा बरं वाटतं. तो कधीचा वाट बघत असतो. मुसलमानांच्या घरातलं मला रशीदा आपांनी शिकवलं. तोंड कुठल्या बाजूला करायचं, कलमा कानाशी हळू म्हणायचा आणि तू म्हण म्हणून माणसाच्या मागं लागायचं नाही, आंघोळ कुणी घालायची, आणि मी कुठल्या वेळी बाहेर जायचं. "तू बैठ, दुआ हम पढेंगे," त्या म्हणायच्या. कुठं थांबायचं हे कळणं म्हणजे निम्मं काम.

आता रामधारीचं सांगते.

रामधारी बिहारचा. चितेगावच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या मशीनवर सहा वर्षं होता. दोघं एकाच बसनं जायचे, एकमेकांच्या डब्यातलं खायचे. तो आणि त्याची बायको फूलमती आमच्याच गल्लीत माडीवर राहायचे. मूलबाळ नव्हतं. त्याला पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो फार पसरलेला होता. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. फूलमती माझ्याकडं आली.

"दीदी, इनको गाँव जाना है. एक ही रट लगाए हैं. डॉक्टर कहते हैं, ट्रेन में ही खतम हो जाएँगे."

मी रामधारीजवळ जाऊन बसले. माझं हिंदी मोडकंतोडकं. मी म्हटलं, "भैया, गाँव जाना नहीं होगा. झूठ नहीं बोलूँगी. पर गाँव में क्या क्या चाहिए था, वो बताओ. जितना यहाँ आ सकता है, उतना लाते हैं."

तो म्हणाला, "माई की आवाज. मुँह में गंगाजी का पानी. और आग बड़े भैया देंगे, दूसरा कोई नहीं."

तीनच गोष्टी होत्या. मोठ्या भावाला फोन केला. तो त्याच दिवशी निघायच्या तयारीला लागला, पण तिकडून इथवर यायचं म्हणजे दोन रात्री गाडीत, आणि मनमाडला गाडी बदलायची. तेवढ्यात घरमालक आला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, खाली मांडवाची मापं घेणं चाललं होतं. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा, ह्या घरातून आता मयत निघाली तर पोरीच्या सासरचे काय म्हणतील? यांना दुसरीकडं न्या. भाडं नको मला."

दुसरीकडं म्हणजे कुठं? दवाखाना ठेवून घेत नव्हता. मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "त्याला आपल्या पुढच्या खोलीत आणू."

त्याचं तोंडच उतरलं. "तू लोकांच्या घरी जाऊन बसतीस, मी कधी काही बोललो नाय. पण आपल्या घरात परक्याचा जीव जाऊ द्यायचा? पोरी हायेत घरात. उद्या त्या खोलीत झोपतील का त्या?" रामधारी परका नव्हता हे त्यालाही माहीत होतं. दवाखान्यातून आणल्यापासून तो एकदाही माडी चढून त्याला बघायला गेला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि ते त्याला म्हणता येत नव्हतं.

आत्या तेव्हा आमच्याकडंच होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ती पलंगावर बसलेली असायची. ती लेकाची बाजू घेऊन म्हणाली, "नामा बरोबर बोलतोय. नाय म्हंजी नाय. असलं घरात आणत नसतेत."

मी भाकरी करायला बसले. थोड्या वेळानं आत्यानंच विचारलं, "कुठला म्हनलीस त्यो मानूस?"

"बिहारचा. लई लांब हाय."

"इथं त्याचं कुनीच नाय?"

"बायको हाय. भाऊ निघालाय, पण पोचायला दोन दिवस."

तिसरी भाकरी तव्यावर होती तेव्हा आत्यानं बोलायला सुरुवात केली. तिचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. मेंढरं घेऊन ते पैठणच्या बाजूला होते आणि तिच्या बापाला वाटेतच ताप चढला. चालता येईना. ज्याच्या रानात मेंढरं बसली होती त्या शेतकऱ्यानं त्याला आपल्या गोठ्यात ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिचा बाप तिथंच गेला. शेतकऱ्याच्या बायकोनं पाणी तापवून दिलं, लाकडं त्यानंच दिली, स्वतःच्या बांधाशेजारी जागाही दिली.

"नाव बी इचारलं नाय आमी त्या मानसाचं," आत्या म्हणाली. "माझी माय रडत व्हती अन् मी मेंढरं मोजत व्हते. मला ह्ये इतक्या वर्सात कुनाला सांगावं वाटलं नाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "नामा, आन त्याला."

"आई, तू आत्ताच म्हनलीस..."

"आत्ता म्हनले, आन आता ह्ये म्हनते. जा."

रामधारीला खुर्चीत बसवून माडीवरून खाली आणलं तेव्हा खुर्चीच्या पुढच्या दोन्ही पायांना माझा नवरा होता. त्याला पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं. पोरींनी आपली दप्तरं आतल्या खोलीत नेली. मला वाटत होतं त्या घाबरतील, पण दुसऱ्या दिवशी धाकटी त्याच्याजवळ बसून त्याला शाळेतलं हिंदीचं पुस्तक वाचून दाखवत होती.

त्याच्या माईला फोन लावला तर ती नुसती रडायची. तिचं रडणं ऐकून हा कासावीस व्हायचा. मी फूलमतीला म्हटलं, "माई को बोलो, रोने का बाद में. रोज की बात बताओ. घर में क्या हुआ, गाँव में क्या हुआ." मग दुपारी आणि रात्री त्या म्हाताऱ्या बाईचा फोन यायचा आणि फूलमती तो उशीवर ठेवायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या छपरावरची कौलं गेली, आंब्याला मोहर किती आलाय. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. रामधारी डोळे मिटून ऐकायचा. एकदा तो फोन संपल्यावर हसला आणि फूलमतीला काहीतरी म्हणाला. तिनं मला सांगितलं, "कहते हैं, माई अभी भी पड़ोसन से लड़ती है."

तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. सगळी गल्ली पाइप आणि बादल्या घेऊन बाहेर होती. मी पण भरत होते. फूलमतीनं दारातून हाक मारली तेव्हा तिच्या आवाजावरूनच मी पाइप टाकून आत गेले. श्वास लांब लांब झाला होता. भावाची गाडी उशिरानं चालली होती, मनमाड अजून आलं नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, "गंगाजल."

घरात नव्हतं. सरांच्या त्या दिवसानंतर मी आणून ठेवलंच नव्हतं, आणि रामधारीसाठी भाऊ येताना आणणार होता. नवरा दुकानातून बाटली आणायला चप्पल घालायला लागला, तोवर आत्या उठली. तिनं पलंगाखालून आपली पिशवी ओढली आणि चाचपत चाचपत फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा लहान गडू काढला. काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला. तो तिनं स्वतःच्या शेवटच्या वेळेसाठी जपला होता. ऑपरेशनात काही झालं तर हाताशी असावा म्हणून सोबत घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"आत्या, तो तुमचा हाय," मी म्हटलं.

"मी कुठं आज मरायलीय? फोड नामा, पकड आन."

नवऱ्यानं पकडीनं झाकण उचकटलं. मी वाटीत पाणी घेतलं आणि रामधारीच्या कानाशी वाकले. मी विचारलं, "भैया, गंगाजी का पानी दें?" त्यानं आधी सांगितलेलंच होतं, तरी मी पुन्हा विचारलं आणि थांबले. त्यानं तोंड उघडलं. मी चमचा फूलमतीच्या हातात दिला.

दुपारी बाराच्या सुमाराला तो गेला. माझ्या नवऱ्याचा हात त्याच्या छातीवर होता. तो नंतर मला म्हणाला, "मला वाटलं व्हतं काहीतरी भयानक असंल. तसं काही नव्हतं गं. मशीन बंद व्हावी तसं हळूहळू थांबलं."

भाऊ येईपर्यंत थांबायचं होतं. आमच्या बादल्या अर्ध्याच भरल्या होत्या आणि नळ बंद झाला होता. रशीदा आपा दोन हंडे भरून स्वतः घेऊन आल्या. "गरम करूँ क्या? कित्ता लगता बोल," म्हणाल्या आणि पदर सावरून चुलीपाशी बसल्या. प्रज्ञानं डॉक्टरांचा दाखला आणला आणि शववाहिकेला फोन केला. तिनं मला एकदा विचारलं, "काकू, यांच्यात काय करतात? मी कुठं थांबू?" मी तिला फूलमतीजवळ बसवलं.

मोठा भाऊ संध्याकाळी पोचला. माझा नवरा त्याला स्टेशनवरून घेऊन आला. अग्नी त्यानंच दिला. दुसऱ्या दिवशी राख सावडून तो फूलमतीला घेऊन निघाला. निघण्याआधी पुढच्या खोलीत आला आणि विचारलं, "कहाँ था वो?" मी पलंग दाखवला. तो तिथं बसला, हातानं चादर सारखी केली. मग म्हणाला, "माई पूछेगी, किसके घर में गया. क्या बताएँ उसको?"

आमचं नाव सांगून त्या म्हातारीला काय कळणार? आत्यानं मला विचारलं, "काय म्हनतोय त्यो?" मी सांगितलं. ती लगेच म्हणाली, "सांग त्याला, आपल्याच घरात गेला म्हनावं."

मी त्याला तसं सांगितलं. त्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि उठला.

तुम्ही फोनवर नेहमी विचारता, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनाही घरून हेच विचारत असतील, की घरी कधी येणार. इतकी वर्षं आम्ही गावाला घर म्हणायचो आणि इथल्याला रूम. स्वतःचं बांधल्यावरही नवरा कामावरून फोन करायचा तो "रूमवर निघालो" असाच. रामधारी गेला त्याच्या नंतरच्या आठवड्यात तो म्हणाला, "घरी यायला उशीर हुईल." त्याच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं. घरातून कुणीतरी गेल्याशिवाय ते आपलं होत नाही की काय, मला सांगता येणार नाही. आमच्याबाबतीत तसं झालं एवढं खरं.

पोरी त्या खोलीत झोपतात. फूलमतीचा सणाला फोन येतो. मी अजून बसायला जाते.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही गावी गेलो होतो. दिरांची मेंढरं निघून गेली होती, घर रिकामं रिकामं होतं. तिसऱ्या दिवशी धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, घरी कधी जायचं?" मला ओशाळल्यासारखं झालं. मी आत्याकडं पाहिलं. ती चुलीपाशी चहा गाळत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"उद्या सकाळची गाडी धरा," ती म्हणाली. "उनाच्या आत घरी पोचाल."